चुलीवर पेटवलेली पणती

आमच्या सांगलीच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे आणि त्याचा द्राक्षरस माझी आजी करी. द्राक्षरस हे आपलं म्हणायला. द्राक्षं कुठली आलीत? वाण्याकडच्या काळ्या मनुका शुक्रवारी गरम पाण्यानं धुवायच्या, चिनी मातीच्या बरणीत भिजत घालायच्या, शनिवारी हातानं कुस्करून धोतराच्या स्वच्छ फडक्यातून पिळायच्या आणि ते पाणी कल्हईच्या पातेल्यात मंद जाळावर अर्ध्यावर येईपर्यंत आटवायचं. लक्ष जरा हललं की तळाला लागतं. आजी लहानपणी साताऱ्याच्या बोर्डिंगात एका मडमेच्या हाताखाली हे शिकली होती. तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ते जमायचं नाही, असं सगळ्या मंडळीनं ठरवून टाकलं होतं, आणि तिलाही ते मनातून आवडत असावं. रस उतरवला की ती एक थेंब तळहातावर घेई, चाटून बघे आणि म्हणे, "जमला."

मग एका महिन्यापासून ती चाखेनाशी झाली. पातेलं उतरवायची आणि मला हाक मारायची, "ये गं. चाख आन सांग, ग्वाड झालाय का." मी तेव्हा नऊ वर्षांची होते. लढाईच्या दिवसांत साखर दिसत नव्हती, म्हणजे मी खरं तर उड्या मारत जायला हवं होतं. पण तो एक चमचा मला नकोसा वाटे. आजी का चाखत नाही, याचं कारण आमच्या घरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंडळीच्या वडिलांनी तिला शिस्तीखाली ठेवलं होतं. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेली जाणती माणसं. आणि शिस्तीखाली म्हणजे उपासनेला यायचं, गीतं गायची, प्रार्थनेला उभं राहायचं, पण भाकरीची थाळी आणि रसाचा प्याला समोर आला की हात पुढं करायचा नाही. लहानपणी बाप्तिस्मा घेतल्यापासून साठ वर्षांहून जास्त काळ जिनं एक रविवार चुकवला नव्हता, ती बाई सगळ्यात मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसू लागली. तिनंच केलेला रस तिच्या पुढून जाई. शिस्तीखालच्या बाईच्या हातचा रस चालतो पण बाई चालत नाही, हे तेव्हा कुणाला विचित्र वाटलं नाही. मला आज वाटतं, आणि रागही येतो. पण त्या रागाला फारसा अर्थ नाही, कारण तिला त्या बाकावर नेऊन बसवलं ते मी.

आजी माणदेशातली. दहिवडीच्या पलीकडचं तिचं गाव. ती सात वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. आईबाप आठवड्याच्या अंतरानं गेले. उरला बारा-तेरा वर्षांचा भाऊ. तो तिला घेऊन साताऱ्यापर्यंत चालत आला, मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगाच्या फाटकाशी त्यानं तिला बसवलं आणि म्हणाला, "हितं बस. मी बाजारातनं खाऊ घिऊन येतो." तो काही परत आला नाही. बोर्डिंगात आजी सगळ्यांना सांगे, माझा दादा खाऊ आणायला गेलाय, बाजारच्या दिवशी येईल. दर बाजारच्या दिवशी ती फाटकाशी जाऊन उभी राही. पोरी तिला "खोटी" म्हणू लागल्या. पुढं ते तिचं नावच पडलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा एका मैत्रिणीनं "आली बघा आमची खोटी" म्हणून तिला हाक मारली, हे ती हसत सांगायची. हसून झालं की पुढं म्हणायची, "येकदा का ह्ये नाव चिकटलं की घासून निगत न्हाई गं. लगीन झालं तरी न्हाई."

तिचं लग्न मिशनच्या शाळेतल्या एका मास्तरांशी झालं. आष्ट्याच्या बाजूला दोन-तीन गावांत त्यांनी शाळा चालवल्या. चार लेकरं मातीत गेली आणि पाचवं जगलं, ते माझे वडील. आजोबा गेल्यावर ती आमच्याकडं सांगलीला आली. बोर्डिंगात इतकी वर्षं काढून, शिकल्यासवरल्या माणसाशी संसार करूनही तिची बोली माणातलीच राहिली. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना मात्र ती छापील भाषा छापल्यासारखीच उच्चारायची, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि पुस्तक मिटलं की पुन्हा "आलं व्हय, बसा की."

लढाई सुरू झाल्यावर वडील फौजेच्या इस्पितळात कामाला लागले आणि परमुलखात गेले. आई सांगलीत दवाखान्यात नर्स होती, तिच्या पाळ्या सतत बदलत. त्यामुळं मी आजीच्या ताब्यात, किंवा आजी माझ्या ताब्यात, कसंही म्हणा. एकदा वडिलांच्या पत्रात आलं की त्यांच्या इस्पितळात माणातला एक जखमी शिपाई दाखल झाला होता. वडिलांनी गाव विचारलं तर आजीचंच गाव निघालं. आजीच्या भावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, म्हातारा आहे की अजून! त्या शिपायानं घरी पत्र घातलं आणि दिवाळीच्या आधी आम्हाला एक पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात एवढंच होतं, की माझं आता काही खरं नाही, भाऊबीजेला ये आणि एकदा ओवाळ.

आजीनं ते कार्ड शास्त्रात ठेवलं. दोन दिवसांनी आईला म्हणाली, "मी जातीया. पोरीला संगं नेते." आई म्हणाली, मंडळीच्या पाळकसाहेबांना विचारून जा. आजी म्हणाली, "भावाला भेटायला कुनाला इचारायचं?"

मिरजेहून आगगाडी, मग साताऱ्याला मोटार. पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत आणि चढ आला की उतारूंना ढकलायला लावत. चळवळीतल्या पोरांनी तारा तोडल्या म्हणून पोलीस वाटेत दोनदा सामान बघून गेले. साताऱ्यात ओळखीच्या घरी मुक्काम केला. तिथं तिनं मला ते फाटक दाखवलं. साधं लाकडी फाटक होतं, नंतर कधीतरी नवं बसवलेलं. ती म्हणाली, "हितं बसली हुती." मी म्हटलं, "किती वेळ?" ती म्हणाली, "आजून हाय की बसल्याली." मला ते समजलं नाही आणि मी भूक लागली म्हणून कटकट केली.

भावाचं घर म्हणजे दोन खणांची माती-दगडाची खोली, पुढं छपरात शेळ्या. तो घोंगडीवर भिंतीला टेकून बसला होता. हाडांवर कातडं, पण नाक अगदी आजीचं. दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा रडारड होईल म्हणून मी तयारीतच होते. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, "लय उशीर क्येला." आता कुणी कुणाला उशीर केला होता ते देवच जाणे. आजी म्हणाली, "मोटार बंद पडली वाटंत."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भावाच्या सुनेनं पितळी ताट, हळद-कुंकू, तांदूळ आणि पणती काढून दिली. शेजारची एक म्हातारी दारात येऊन बसली होती, ती पुटपुटली, "कुंकू पुसल्याल्या बाईनं वोवाळायचं व्हय?" भाऊ ओरडला, म्हणजे त्याला जेवढं ओरडता येत होतं तेवढं. "गप बस. भन हाय ती माजी. साठ वरसं कपाळ कोरडं हाय माजं भाऊबीजंला." मी मनात म्हटलं, आता इकडची माणसं विधवा म्हणून आजीला अडवतात, आणि आपल्या मंडळीतली कुंकू म्हणून अडवतील. एवढं कळत होतं मला. म्हणजे मी काही अजाण नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

पणती लावायची वेळ आली. खोलीच्या कोपऱ्यात कोनाड्यात देव होते, त्यांच्यापुढं दिवा जळत होता. सून म्हणाली, "आत्या, त्यो देवाचा दिवा हाय न्हवं, त्येच्यावर लावा की पणती." आजी एकदम थांबली. मग हळूच म्हणाली, "न्हाई बाई. चूल बरी." ती चुलीपुढं उकिडवी बसली, निखाऱ्यातली एक पेटती काटकी उचलली आणि तिच्यावर वात धरली. वात तेलानं निथळत होती म्हणून पहिल्यांदा पेटली नाही. दुसऱ्यांदा पेटली. मी तिच्या खांद्याशी उभी होते. धूर माझ्या डोळ्यांत गेला होता, हे अजून आठवतं.

तिनं भावाला कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं उशाखालून कागदाची पुडी काढून ताटात ठेवली. पुडीत फुटाणे होते आणि गुळाचा एक खडा. "बाजारातनं आनतो म्हनलं हुतं न्हवं," तो म्हणाला, "आनलाय बग." मग खाली बघत म्हणाला, "मागारी आलो अस्तो तर तुला संगं न्यावी लागली अस्ती. न्हिऊन काय खायाला घातलं अस्तं तुला?" आजीला फुटाणे चावायला दात नव्हते. तिनं गुळाचा खडा तोंडात धरला आणि तो विरघळेपर्यंत तशीच बसून राहिली. तेव्हा मात्र ती रडली, आवाज न करता.

आम्ही परत आलो. आणि पुढच्याच रविवारी मी माती खाल्ली.

उपासनेआधी मुलांची शब्बाथशाळा भरे. त्या दिवशी धडा मूर्तिपूजेवर होता. शिकवणाऱ्या बाई बरं उत्तर देणाऱ्याला रंगीत चित्राचं कार्ड देत, विलायतेहून आलेलं, गुळगुळीत. त्या दिवशीच्या कार्डावर खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ होता आणि मला तो काहीही करून हवा होता. बाईंनी विचारलं, आपल्या आजूबाजूला अशा चाली कुणी पाहिल्यात का? झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी उभी राहून भाऊबीज सांगितली, कुंकू सांगितलं, ताट सांगितलं. बाईंचे डोळे मोठे झाले. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "आणि पणती? देवापुढच्या दिव्यावर पेटवली का?"

मला खरं ठाऊक होतं. पण त्या प्रश्नाला "हो" हेच उत्तर हवं होतं, ते मला बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी "हो" म्हटलं. मला कार्ड मिळालं.

आठ दिवसांत पाळकसाहेब आणि मंडळीच्या वडिलांपैकी एक निवृत्त मास्तर आमच्या घरी आले. पाळकसाहेब भला माणूस, आजीला आईसारखं मानणारा. सलाम करून बसले, चहा घेतला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग मास्तर म्हणाले, "आजी, भावाला ओवाळलंत हे एक वेळ समजून घेता येईल. मरणाच्या दारातला भाऊ. पण मूर्तीपुढल्या दिव्यावर दिवा लावायचा, म्हणजे त्या पूजेत भाग घेतल्यासारखंच की. खरं आहे का ते?"

आजी म्हणाली, "कुनी सांगितलं?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. "तुमच्या नातीनंच शब्बाथशाळेत सांगितलं. मूल खोटं कशाला बोलेल?"

आजीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आयुष्यभर सुखानं झोपले असते. राग नव्हता. ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली, वात पहिल्यांदा पेटली नाही तेव्हा जशी बघत होती तशी. मग पाळकसाहेबांकडं वळून म्हणाली, "पोर म्हनतीया न्हवं? मग तसंच आसंल."

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, "मग मंडळीपुढं उभं राहून एवढंच म्हणा, मी चुकले. लगेच सगळं मिटेल."

"ते न्हाई जमायचं," आजी म्हणाली. "भावाला वोवाळल्याचं दुख न्हाई मला. न्हाई त्ये दुख कुठनं आनू?"

अशी ती मागच्या बाकावर गेली. महिन्याच्या आत दुसरं पोस्टकार्ड आलं, भाऊ गेला म्हणून. आजीनं तेही शास्त्रात ठेवलं, पहिल्याच्या शेजारी.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. केस विंचरताना कधी जोरात ओढले असते तरी मला बरं वाटलं असतं. तेही नाही. एकदा फक्त, मी अंगणात मैत्रिणीशी भांडत होते आणि ती मला "खोटारडी" म्हणाली, तर आजी आतून तरातरा बाहेर आली आणि त्या पोरीवर अशी खेकसली, की ती चप्पल सोडून पळाली. "माज्या नातीला आसलं नाव ठिवायचं न्हाई, सांगून ठिवते." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आजी गप्प का राहिली होती. दहा आज्ञा आम्हाला पाठ होत्या. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही त्यांतलीच एक. आजी खरं बोलली असती तर सगळ्या मंडळीत खोटी साक्ष देणारी पोर म्हणून माझं नाव झालं असतं, आणि असलं नाव घासून निघत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

कळल्यावर मी काय केलं? मूग गिळून बसले. एकदा आईला सांगायला तोंड उघडलं, तर ती दोन पाळ्या करून आली होती आणि बसल्याबसल्या झोपली. एकदा पाळकसाहेबांच्या दारापर्यंत जाऊन आले. दर महिन्याला शनिवारी आजी पातेलं उतरवी, मला हाक मारी, मी चमचाभर रस चाखून "गोड आहे" म्हणे आणि ती फडक्यानं बाटलीचं तोंड पुसून बूच लावी. बोटाला लागलेला रससुद्धा ती चाटत नसे, पाण्यानं धुऊन टाकी. मंडळीनं नाही म्हटलं ते नाही. अशी अडीच वर्षं गेली. मेंढपाळाचं ते कार्ड मी गायनाच्या पुस्तकात उलटं ठेवून दिलं होतं, चित्र दिसू नये म्हणून.

आता मी स्वतः आजी आहे आणि लोक मला सांगतात, अहो, नऊ वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतंय. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण नऊ वर्षांनंतर दहावं येतं, मग अकरावं येतं, आणि त्या प्रत्येक महिन्यात पहिला रविवार असतो. पहिलं खोटं मी एकदाच बोलले, पण ते राखलं तीस वेळा.

लढाई संपली. वडील अजून परतले नव्हते. त्या उन्हाळ्यात आजी अंथरुणाला खिळली. पाय सुजले, दोन शब्द बोलली की धाप लागे. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला आईच्या पाठीवरूनच कळलं. पहिला रविवार जवळ आला तसं आजी म्हणाली, "रस तू कर आता. बगितलाय की." मी शुक्रवारी मनुका भिजत घातल्या. शनिवारी पिळल्या. आई दवाखान्यात होती. रस चुलीवर आटत आला आणि आतून आजी विव्हळली, कूस बदलायची होती. मी जाळ ओढला नाही, तशीच धावले. तिला वळवलं, पाठीला उशी दिली, पाणी पाजलं. परत आले तो रसाला वास सुटला होता. वरचा वरचा रस गाळून घेतला, चाखला. कडू जहर नव्हता, पण करपल्याची चव लागत होती, चांगलीच लागत होती. दुसऱ्या मनुका नव्हत्या. मी तोच बाटलीत भरला.

आतून आवाज आला, "जमला का?"

मी म्हटलं, "होय."

रविवारी उपासनेत मी मागच्या बाकावर आजीच्या जागी बसले. प्याला फिरू लागला. पुढच्या ओळीतल्या एका काकांनी घोट घेतला आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. मास्तरांना खोकला आला. पण प्रभूच्या प्याल्याला नावं कोण ठेवणार? सगळ्यांनी मान खाली घालून गिळला. त्या खाली घातलेल्या माना बघताना मला काय झालं कुणास ठाऊक, माझी भीती संपली. उपासना संपल्यावर मी सरळ पाळकसाहेबांपुढं गेले आणि मास्तरांच्या देखत सांगितलं की पणती चुलीवर पेटवली होती. देवाच्या दिव्यावर लावायला सांगितलं तर आजी नको म्हणाली होती. मी कार्डासाठी खोटं बोलले.

पाळकसाहेब खाली बाकावर बसले. चष्मा काढला. म्हणाले, "मास्तर, चला." त्यांनी थाळीत भाकरीचा तुकडा घेतला, छोट्या प्याल्यात रस घेतला, वर पांढरा रुमाल झाकला आणि आम्ही तिघं भर उन्हात आमच्या घरी आलो. मी पुढं, जवळजवळ पळत. आजीला प्याला मिळणार होता. एवढंच डोक्यात होतं.

आई तिच्या उशाशी होती. पाळकसाहेबांनी थाळी कोनाड्यात ठेवली, गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "आजी, ही म्हणते पणती चुलीवर पेटवली होती, आणि तेव्हा ती खोटं बोलली. तसं असेल तर तुम्हाला शिस्तीखाली ठेवायचं कारणच नव्हतं. आम्हीच तुमचे अपराधी. तुम्ही फक्त हो म्हणा."

आजीनं कोनाड्याकडं पाहिलं. रुमालाकडं बराच वेळ बघत होती. तिचे ओठ सुकले होते, तिनं ते जिभेनं ओले केले. मग तिनं मास्तरांकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "पोरीचा लय जीव हाय माज्यावर. आत्ता मायेनं बोलतीया. तवा बोलली हुती ती खरं."

मी ओरडले, "नाही! ती चुलीपाशी बसली होती, माझ्या डोळ्यांत धूर गेला होता!" आईनं मला धरलं. मास्तरांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणी पोर आहे," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होते आणि सगळे मला समजून घेत होते.

पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, मग निदान चुकले एवढं म्हणता का. आजीनं मान हलवली. ते तरीही गुडघ्यांवर बसून राहिले, कुणी काही वेगळं बोलेल या आशेनं असतील. शेवटी प्रार्थना केली. त्यांचा आवाज मध्येच गेला तेव्हा पुढची मास्तरांनी पुरी केली. आणि रुमालाखालचा प्याला जसा आला तसा परत गेला. आई त्यांना पोचवायला अंगणात गेली.

मी आजीच्या छातीवर डोकं ठेवून रडत होते. "का खोटं बोललीस? आता काय करशील?"

"त्येचं मी बगून घीन," ती म्हणाली. धाप लागत होती, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी बोलत होती. "जातेच हाय आता तिकडं. माजी त्येची वळख हाय. तुला मातुर... हितं ऱ्हायाचं हाय."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पातेल्याच्या बुडाशी कालचा चमचा-दोन चमचे रस राहिला होता. त्याच्यावर कुणी प्रार्थना केली नव्हती, तो काही प्रभूचा प्याला नव्हता, पण मला ते सुचलंच नाही. वाटीत घेऊन आले आणि तिच्या ओठांशी धरला. तिनं वास घेतला असावा. तोंड बाजूला केलं.

"नगं गं. मागल्या दारानं नगं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तूच चाख. आन सांग, ग्वाड झालाय का."

मी घोट घेतला. करपलेला, थंड, तळाचा. सगळ्यात कडू तोच होता. तिचे डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते.

"गोड झालाय," मी म्हटलं.

"मग जमलं तुला," आजी म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.